रेडिओकाकांचं कार्ड

रेडिओकाकांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की ते रिकाम्या खुर्चीभोवती फेऱ्या मारत, हातातली कात्री हवेतच उघडमीट करत, आरशावरचा नसलेला डाग पुसत आणि दर थोड्या वेळाने दारात जाऊन रस्ता बघून येत. पायाला भिंगरी आणि जिभेला हाड नाही, असा माणूस. पाटीवर त्यांचं चांगलं ठसठशीत नाव होतं, पण गल्लीत ते कुणी वापरत नसे. सकाळी दुकानाचं कुलूप निघालं की बोलणं सुरू आणि संध्याकाळी कुलूप लागलं की बंद, म्हणून रेडिओ. केस पिकले तसं मागे काका लागलं, एवढंच.

आणि नेमके त्यांचेच कान गेले. एकदम नाही. आधी त्यांना वाटलं, म्हातारी माणसं पुटपुटायला लागलीत. मग वाटलं, तरुणांना धड बोलता येत नाही. मग सगळं जगच तोंडात घास धरून बोलू लागलं, तेव्हा लेकीने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यातून शब्द सोडून बाकी सगळं ऐकू यायचं. ट्रिमरची घरघर, पंख्याची कुरकुर, बाहेरच्या मोटारींचे हॉर्न. ते यंत्र लवकरच ड्रॉवरमध्ये जुन्या वस्तऱ्यांशेजारी जाऊन पडलं. गल्लीतल्या टवाळांना आयता विनोद सापडला, की आता रेडिओ खरा रेडिओ झाला, नुसता बोलतो, ऐकत नाही. कुणीतरी तो काकांना मोबाइलवर लिहून दाखवला. काका खो खो हसले, आणि त्या दिवशी घरी जाईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

गिऱ्हाइकांचं निभत होतं. आरशात समोरच्याचे ओठ दिसतात, बोटांनी किती बारीक ते दाखवता येतं, आणि डोकं तर डोकंच असतं, ते सांगतंच काय कापायचं ते. खरी गोची घरात होती. काकू मुळात हळू बोलणाऱ्या. भाजी चिरताना, पाठमोऱ्या, नळाच्या आवाजात बोलणाऱ्या. काका विचारत, "काय?" त्या परत सांगत. काका पुन्हा, "काय म्हणालीस?" मग काकू हात हलवत, आणि त्या हाताचा अर्थ काकांना ओठ न वाचताही कळे. राहू दे.

एका सकाळी तर काकू खिडकीपाशी कप घेऊन उभ्या होत्या आणि काहीतरी बरंच लांबलचक सांगत होत्या. गालावर हसू होतं, थोडं लाजल्यासारखं. असा चेहरा काकांनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, काय? परत विचारलं, काय? काकूंनी मोठ्याने सांगून पाहिलं, कानाशी येऊन सांगून पाहिलं, आणि मग ते हसू विझलं. हात हलला. राहू दे. दुपारी काकांनी खोदून विचारलं, रात्री जेवताना विचारलं, दुसऱ्या दिवशीही विचारलं. "काही नाही हो," असं म्हणून काकू उठून जायच्या. बाकीची बहिरेपणाची सगळी कटकट काकांनी सोसली असती, पण आपली बायको आपल्याला काही सांगेनाशी झाली हे त्यांना सोसवेना. तिने परत सांगायला लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी वाटेल ते करायची त्यांची तयारी होती, अगदी जावयाची मदत घेण्याचीसुद्धा.

जावई कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. स्वभावाने सासऱ्याच्या अगदी उलट. मूग गिळून बसणं हा त्याचा जन्मजात गुण होता. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तर काकांना वाटायचं, याला आपण आवडत नाही. नंतर कळलं, याला बोलणंच आवडत नाही. त्याने आपण होऊन एक सॉफ्टवेअर शोधून आणलं, माणसाचं बोलणं ऐकून ते पडद्यावर लिहून दाखवणारं. मोबाइलवरचं तसलंच काहीतरी आधी करून झालं होतं, पण दुकानात ट्रिमर किंवा घरी नळ सुरू झाला की ते भलतंच लिहायचं. हे मोठं सॉफ्टवेअर घरघरीतून शब्द वेचून काढायचं. जावयाने एक जुना कॉम्प्युटर आणून दुकानात खुर्चीशेजारी, खाली जमिनीवर ठेवला, आरशाखाली पडदा बसवला, फळीवर पावडरच्या डब्याशेजारी माइक ठेवला आणि कागदावर लिहिलं, "बोलून बघा."

शब्द उमटले. अगदी बरोबर उमटले. फक्त वरातीमागून घोडं यावं तसे उमटले. गिऱ्हाईक बोलून जायचं, पडदा कोरा राहायचा, काका कात्री धरून ताटकळायचे, आणि निम्मं डोकं झालं की मग अक्षरं एकामागून एक हजर. पोस्टमनने सांगितलेल्या विनोदावर काका हसले तेव्हा पोस्टमन आपल्या सासूच्या आजारपणाविषयी सांगत होता. भूगोलाचे सर बसले होते, ते म्हणाले, "कल्ले तेवढे ठेवा." पडद्यावर हे वाक्य आलं तेव्हा डावा कल्ला जमिनीवर होता. सरांनी आरशात बघितलं, डोळे मिटले आणि काही वेळाने पडद्यावर लिहून आलं, "आता उजवाही काढा, निदान सारखं तरी दिसू दे."

घरच्या बोलण्याला तर त्याचा उपयोगच नव्हता. काकूंना दुकानात बोलावून काकांनी पडद्यासमोर बसवून पाहिलं. त्यांनी एक वाक्य म्हटलं, वाट पाहिली, अक्षरं आली, काकांनी उत्तर दिलं, तोवर काकूंच्या मनातली पुढची गोष्ट विरून गेली होती. त्या पदर सावरून उठल्या. "हे म्हणजे पत्रव्यवहार झाला," असं त्या म्हणाल्याचं त्या घरी जायला निघाल्यावर पडद्यावर आलं.

जावयाने दुखणं ओळखलं. यंत्रातला प्रोसेसर एकटा पडतोय, असं त्याने लिहून दिलं. असल्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागतं. "प्रोसेसर म्हणजे एकटा हुशार कारागीर. कार्ड म्हणजे शेकडो साधे कारागीर, एकाच वेळी कात्री चालवणारे." हे काकांना चटकन पटलं. जावयाच्या दुकानात खेळ खेळणाऱ्या कुणीतरी बदलून टाकलेलं एक कार्ड पडून होतं, ते त्याने मालकाला सांगून मिळवलं. विटेएवढं लांब, दोन पंख्यांचं ते धूड त्या जुन्या पेटीत शिरताना नाकापेक्षा मोती जड अशी गत झाली. आतली एक जाळी काढावी लागली तेव्हा कुठे झाकण लागलं.

ते बसवायला यंत्र जावयाच्या घरी नेलं होतं, आणि काकाही मागोमाग हजर. बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचा दिवा लागला. काकांनी माइकमध्ये ओरडून सांगितलं, "एक, दोन, तीन!" आणि पडद्याकडे टक लावून बसले. पडदा कोरा. कोरा. मग सावकाश, पूर्वीच्याच चालीने, एक, दोन, तीन.

"म्हणजे कारागीर आलेत, पण बाकावर बसून चहा पितायत," काका म्हणाले.

जावयाने मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली. घोडं कुठे पेंड खातंय हे शोधणं हे त्याचं रोजचंच काम होतं. आधी त्याने कार्डाचा ड्रायव्हर घातला, म्हणजे यंत्राला निदान घरात कोण आलंय ते कळावं. यंत्राला कळलं. यादीत कार्डाचं नाव झळकलं. सॉफ्टवेअरला मात्र त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या आतल्या एका पानावर, कशावर चालू, असं विचारलेलं होतं आणि खाली निवडायला एकच नाव होतं, प्रोसेसर. जावई त्या एका नावाकडे पाहत बसला. काका त्याच्याकडे पाहत बसले. बसले म्हणजे काय, उठले, खिडकी उघडली, बंद केली, लेकीच्या स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले, जावयाच्या मानेवरचे वाढलेले केस बघून खिशातली कात्री चाचपली आणि शेवटी न राहवून विचारलं, "झालं का?"

"नाही," हे काकांना ओठांवरूनही कळलं.

"आता?"

जावयाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. लेकीने बापाला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं आणि हातात वाटाणे सोलायला दिले. काकांनी सगळे वाटाणे सोलले आणि सालं डब्यात ठेवून वाटाणे केरात टाकले. इतका त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी दोष सापडला तो असा साधा निघाला की जावई स्वतःवरच चिडला. त्या सॉफ्टवेअरचे दोन प्रकार मिळत. एक कार्ड ओळखणारा, दुसरा न ओळखणारा. तेव्हा कार्ड नव्हतं म्हणून त्याने हलका, न ओळखणारा घेतला होता, आणि आता त्याच्याचकडून कार्ड ओळखायची अपेक्षा करत होता. जुना काढला, नवा घातला. त्या पानावर आता दोन नावं आली. त्याने कार्ड निवडलं आणि माइक सासऱ्यापुढे धरला.

"काय बोलू?" काका म्हणाले, आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत पडद्यावर होतं, "काय बोलू?"

काकांनी जावयाला मिठी मारली. जावई लाकडासारखा उभा राहिला, पण त्याचे कान लाल झाले.

यंत्र दुकानात परत आलं आणि पहिला अर्धा तास स्वर्ग होता. पोस्टमन बोलायचा आणि काका लगेच उलट फेकायचे. मग ये रे माझ्या मागल्या. अक्षरं रेंगाळू लागली, मग थांबली, मग वरातीमागून आली. काकांनी लेकीच्या मोबाइलवर निरोप धाडला. संध्याकाळी कामावरून जावई आला, त्याने यंत्र बंद करून चालू केलं, आणि काय आश्चर्य, सगळं झकास. तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तेच रडगाणं. पुन्हा निरोप, पुन्हा जावई, पुन्हा झकास. जावयासमोर शहाण्या पोरासारखं वागणारं ते यंत्र त्याची पाठ वळली की द्वाडपणा करायचं. जावयाने ड्रायव्हर बदलून पाहिला, तारा काढून परत खोचल्या, वीजपुरवठ्याचा डबा नवा आणून बसवला. गुण येईना. काकांना तर संशय येऊ लागला, की या मुलाला वाटत असणार, म्हातारा उगाच बोलावतोय. "अहो जावईबापू, शपथेवर सांगतो, तुम्ही नसताना हे चालत नाही," असं ते पुन्हा पुन्हा सांगत. जावई मान डोलवे, आणि त्या डोलावण्याचा अर्थ काही केल्या लागत नसे.

या सगळ्यात काकू दुकानात येईनाशा झाल्या. "नीट चालू लागलं की येईन," असं त्यांनी एका कागदावर लिहिलं आणि तो फ्रीजवर चिकटवला. काकांना झोप लागेना. उठून बसत, अंधारात बायकोच्या तोंडाकडे बघत. त्या खिडकीतल्या सकाळी काय सांगत होती ही? कुणाची तब्येत? कुणाचं लग्न? की स्वतःच्या जिवाचं काही? आपण मेल्यावर आपल्याला कळणार आहे का?

एका दुपारी जावयाला जवळच कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करायचा होता, म्हणून तो न कळवता दुकानात डोकावला. काका भूगोलाच्या सरांची मान साफ करत होते. जावई दारातच थांबला. सरांच्या गळ्यात पांढरं कापड होतं, मागे नीट गाठ मारलेलं. आणि खुर्चीशेजारी, खाली, कॉम्प्युटरच्याही गळ्यात पांढरं कापड होतं. तसंच, चारी बाजूंनी ओढून घेतलेलं, मागे नीट गाठ मारलेलं, कुठेही फट नाही. वरून कापलेले केस त्याच्यावर पडत होते आणि घसरून जमिनीवर जात होते.

जावयाने जाऊन कापडावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. गाठ सोडली. आतून भट्टीचं तोंड उघडावं तशी ऊब बाहेर आली.

"अहो, राहू द्या ते, केस जातील आत!" काका धावले. "तुम्ही येणार असलात की मी आधीच काढून, झटकून, घडी घालून ठेवतो. असं कसं तुम्हाला दाखवणार? पण दिवसभर मात्र बांधून ठेवतो हो, नाजूक यंत्र आहे, मी काय इतका निष्काळजी नाही..."

बोलता बोलता त्यांना दिसलं की जावई हसतोय. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. इतक्या वर्षांत काकांनी त्याला दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं. सरही हसत होते, त्यांची अर्धवट साफ झालेली मान थरथरत होती. जावयाने एका पावतीमागे लिहून दिलं. कार्ड फार तापलं की काम सोडून देतं, आणि सॉफ्टवेअर कुणाला न सांगता प्रोसेसरकडे परत जातं. तुम्ही रोज त्याला गुदमरवताय, बाबा, आणि मी येण्याआधी सोडवताय.

काका ओशाळले. मग त्यांनाही हसू आलं. मग एकदम घाई सुटली. सर अर्धवट मान घेऊन बसले आणि सासरा-जावयांनी मिळून ते यंत्र मागच्या छोट्या खोलीत उंच फळीवर, केसांपासून लांब, खिडकीशी नेऊन ठेवलं. भिंतीला भोक पाडून तारा ओढल्या. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक आलं की काका आधी पडद्याकडे बघत. अक्षरं ओठांबरोबर येत होती. रेंगाळत नव्हती. काकांनी दुकान लवकर बंद केलं आणि लेकीकरवी काकूंना निरोप पाठवला, की आत्ताच्या आत्ता ये.

काकू आल्या तेव्हा रस्त्यावर अजून उजेड होता. काकांनी त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची उंच केली, माइक पुढे सरकवला आणि म्हणाले, "हं, बोल." आणि स्वतःच सुरू झाले. अगं, काय झालं सांगतो, कापड बांधलं होतं मी, जावई असा हसला, तू बघायला हवं होतंस, तो मुलगा हसतो गं, खरंच हसतो, आणि सर अर्ध्या मानेने बसून राहिले, आणि आता बघ, बघ कसं झरझर येतंय, तू बोलून तर बघ, अजिबात थांबावं लागत नाही, शेकडो कारागीर आहेत आत, तू बोल, काहीही बोल, त्या दिवशी खिडकीत काय सांगत होतीस ते सांग, मी किती दिवस...

त्यांची नजर पडद्यावर गेली. पडदा वरून खालपर्यंत भरला होता. सगळं त्यांचंच. ओळीमागून ओळ, त्यांचंच. मधेमधे कुठेतरी, दोन ओळींच्या फटीत अडकलेली, छोटी छोटी दुसरी अक्षरं होती. "मी." मग त्यांच्या पाच ओळी. "अहो, मी काय." मग पुन्हा त्यांची. "तेच तर." मग पुन्हा.

काकांनी ते वाचलं. परत वर जाऊन वाचलं. कानाने आयुष्यात कधी हे सांगितलं नव्हतं, पण इथे ते काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दिसत होतं. त्यांना लाज वाटली. ते गप्प झाले. गप्प राहणं त्यांना जमेना, बोटं आपोआप कात्री चालवल्यासारखी उघडमीट करू लागली, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

पडदा बराच वेळ तसाच राहिला. मग अक्षरं आली.

"मी पोहायला शिकतेय."

काकांनी वळून बायकोकडे पाहिलं. काकू आरशात पाहत होत्या.

"तरण तलावावर. तुम्ही दुकान उघडायला निघालात की जाते. आमच्या वर्गात सगळ्या माझ्याच वयाच्या आहेत. आता मी खोल बाजूने एका दमात पलीकडे जाते. ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी सांगत होते."

काकूंचे केस इतके राठ का झालेत, म्हणून मधे आठवडाभर काकांनी साबण, तेल आणि जड पाणी यांवर व्याख्यानं दिली होती. गल्लीतल्या प्रत्येक डोक्याची खबर ठेवणाऱ्या माणसाला तलावातल्या क्लोरीनने राठ झालेलं घरातलं डोकं कळलं नव्हतं. त्यांना हे सगळं एकदम सांगावंसं वाटलं. त्यांनी ओठ आवळून धरले.

"मग मला वाटलं, राहू दे," पडद्यावर आलं. "तुम्ही सारखं विचारत होतात, पण ओरडून किंवा कागदावर लिहून सांगायची ती गोष्ट नव्हती. आणि खरं सांगू का, कान चांगले होते तेव्हा तरी मला कुठे पुरतं बोलायला मिळायचं? कान गेले तेव्हा मला थोडं बरंच वाटलं होतं. निदान न बोलायला काहीतरी कारण मिळालं."

ते वाक्य काकूंच्या ओठांबरोबर, एक अक्षरही मागे न राहता, आलं आणि तिथेच थांबलं. ते वाचल्याशिवाय काकांना दुसरीकडे बघता येईना. नेहमीचे विनोद, नेहमीचं "अगं तसं नव्हे", सगळं जिभेपर्यंत येऊन परत गेलं. डोळे भरून आले आणि पडदा धूसर झाला, तेव्हा त्यांनी तो बाहीने पुसला, जणू धूळ पडद्यावरच होती.

"खोल पाण्यात भीती नाही वाटत?" एवढंच त्यांनी विचारलं आणि तोंड मिटलं.

काकूंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. काकांनी तो घेऊ दिला.